पाऊणपट अधिक एक तास

आमच्या घरमालकांचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता आणि त्यांना पळता येत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ज्याला पळता येत नाही त्यानं भरतीच्या वाळूवर जाऊ नये, असं कुणीही शहाणा माणूस सांगेल. हे जायचे. दरवर्षी ऑक्टोबरात एकदा, उत्तर समुद्राच्या काठी, ओहोटीनं उघडी पडणारी मैल मैल वाळू तुडवत, बदकं मारायला, चपटे मासे धरायला आणि सील बघायला. आणि दरवर्षी धडधाकट परत यायचे. त्याचं कारण एवढंच की उरलेले अकरा महिने ते त्या एका दिवसाची आखणी करत बसलेले असत.

"तुम्ही पळू शकता, म्हणून तुम्हाला विसरणं परवडतं," ते मला म्हणत. "मला सगळं आधी लिहावं लागतं."

मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला पोलादावर डॉक्टरेट करायला गेलो तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. अर्धं शहर नवं बांधून झालं होतं, अर्ध्या ठिकाणी अजून विटांचे ढीग होते, आणि विद्यार्थ्याला खोली मिळणं म्हणजे लग्न जुळण्याइतकं अवघड होतं. या घराची पायरी चढलो ती चौथी जागा. दारात उंच, सडसडीत, पासष्टीचे गृहस्थ उभे. पगार किती, घरात काय शिजवणार, असलं काही त्यांनी विचारलंच नाही.

"मिनिटाला किती पावलं चालता?" हा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, मोजली नाहीत.

"आल्झो, तर मग, मोजू या," असं म्हणून त्यांनी खिशातून एक थांबघड्याळ काढलं आणि मला त्यांच्या बोळात वर-खाली चालायला लावलं. एकशे आठ भरली. त्यांनी ती वहीत लिहिली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. भाडं नंतर त्यांच्या बायकोनं सांगितलं.

हयातभर त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकांच्या खात्यात नोकरी केली होती. पाय पहिल्या लढाईत गेला, बाविसाव्या वर्षी. दुसऱ्या लढाईबद्दल ते बोलत नसत आणि मीही कधी विचारलं नाही. त्या काळात त्या देशात कुणीच कुणाला विचारत नसे. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, पण वेळापत्रकाची खोड काही सुटली नाही. जेवणाच्या टेबलावर कायम नकाशे पसरलेले. बायको बिचारी नकाशाच्या कडेकडेनं बशा मांडायची. एकदा माझ्या हातून बटाट्याच्या सूपचा थेंब एका बेटावर पडला, तर त्यांनी तो टिपकागदानं टिपला आणि शांतपणे म्हणाले, "इथे सील असतात. आता त्यांना आठवडाभर वास येईल."

त्यांच्या आखणीला मूळ मजकूर चार पानांचा आणि परिशिष्टं एकवीस. परिशिष्ट अ, बदकं. परिशिष्ट ब, मासे. परिशिष्ट क, सील, आणि त्यात 'संपूर्ण शांतता, चौदा मिनिटं' अशी स्वतंत्र नोंद. पावाचे तुकडे किती, ते किती घासांत संपतात, हेसुद्धा. आम्ही तिकडची पाच-सहा मराठी मुलं त्यांना आपसांत 'परिशिष्ट' म्हणायचो. "काय रे, तुझे परिशिष्ट काय म्हणतात?" असं माझा मित्र दामले दर रविवारी विचारायचा. तो वीजयंत्रांवर काम करत होता आणि त्याची घरमालकीण फक्त मांजराशी बोलायची, त्यामुळे त्याला माझा हेवा वाटे.

हसण्यासारखं होतंच. नवे रबरी बूट आणले की ते आंघोळीच्या टबात पाणी भरून, पूर्ण कपड्यांनिशी, बूट घालून तासभर बसायचे. पाणी आत शिरतं का बघायला. बायको बाहेरून विचारी, "आत आलं का?" आतून उत्तर येई, "अजून एकवीस मिनिटं." सप्टेंबरात बोळातली चाल सुरू व्हायची. लाकडी पायात बूट, पाठीवर वाळूची पिशवी, हातात काठी. पंचवीस पावलं तिकडे, पंचवीस इकडे, आणि मी थांबघड्याळ घेऊन मोजायचो. खालचा दंतवैद्य छतावर झाडूचा दांडा आपटायचा. घरमालक थांबून म्हणत, "त्यांना सांगा, मी आता अर्ध्या वाटेवर आहे. इथे थांबलो तर बुडेन."

ते हे गमतीनं म्हणत नसत. ती वाळू मी पुढे पाहिली. सपाट, करडी, क्षितिजापर्यंत. भरती तिथे समोरून लाट होऊन येत नाही. वाळूत खोलगट ओहळ असतात, प्रील म्हणतात त्यांना. पाणी आधी त्या ओहळांतून मागून येऊन वाट तोडतं, आणि मग सावकाश पुढून येतं. धावणारा माणूस वाट तुटायच्या आत निसटतो. यांना जाताना दीड तास लागे आणि येताना दीड तास, त्यात घट काही व्हायची नाही. म्हणून ओहोटी नेमकी कधी पूर्ण होते, हा आकडा त्यांच्या आखणीत सर्वांत वर, लाल चौकटीत असे. एकवीसही परिशिष्टं चुकली असती तरी फार तर बदक हुकलं असतं.

मी त्यांच्यात सामील झालो तो मुख्यतः माशांच्या लोभानं. आमचं घर हर्णैच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ब्राउनश्वाइगात शुक्रवारी एक मासेवाली गाडी यायची आणि त्यातला मासा बघून मला रडू यायचं. तेव्हा चपटा मासा वाळूत पायानं चाचपून जिवंत धरायचा असतो, हे ऐकल्यावर मी कुठेही गेलो असतो. शिवाय फुशारकी होतीच. एका जेवणाच्या वेळी मी सांगून बसलो, "भरती-ओहोटी आम्हाला पुस्तकात बघावी लागत नाही. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असली की चार पाऊणे तीन. तीन वाजता पूर्ण भरती. शेंबडं पोरही सांगेल."

ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "चंद्रावरून? तोंडी?"

"तोंडी."

"गेनाऊ?"

"अगदी."

त्यांनी नकाशावर झुकून कुठल्याशा कोपऱ्यात ते लिहून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत मला जो आदर दिसला तो डॉक्टरेट मिळाल्यावरही कुणाच्या डोळ्यांत दिसला नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. एल्ब नदीच्या मुखाशी ज्या किनाऱ्यावर ते नऊ वर्षं जात होते तिथे बांध उंच करायचं काम निघालं, म्हणून त्यांनी पश्चिमेकडचं, हॉलंडच्या बाजूचं, एक गाव निवडलं. आणि दुसरी गोष्ट त्यांच्या बायकोनं मला स्वयंपाकघरात, नळ सोडून, हळू आवाजात सांगितली.

"त्यांना बारीक आकडे दिसत नाहीत हो आता. लांबचं सगळं दिसतं, बदक दिसतं. पण भरतीच्या पुस्तिकेतल्या ओळी एकमेकींत मिसळतात. ते कबूल करणार नाहीत. म्हणून तुम्हाला काम देतायत. नीट उतरवा हं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुस्तिका समारंभानं माझ्या हाती दिली. वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा, बंदराबंदरागणिक. "आजवर लाल चौकट मी कुणाला भरू दिली नाही," ते म्हणाले. "तुम्ही समुद्राकाठचे आहात."

ती पुस्तिका मी तिसऱ्या दिवशी ट्राममध्ये विसरलो.

ट्रामच्या कचेरीत गेलो, मिळाली नाही. पुस्तकाच्या दुकानात गेलो, तर वर्ष संपत आलं, चालू वर्षाची प्रत शिल्लक नाही, मागवायला दोन आठवडे लागतील म्हणाले. निघायला नऊ दिवस होते. दामले म्हणाला, "अरे सिम्पल आहे, सांगून टाक ना त्यांना. म्हातारा खाणार आहे का तुला?"

"तो खाणार नाही रे. तो नुसता बघेल माझ्याकडे."

"मग बघू दे! त्याच्या लाइफचा प्रश्न आहे, तुझ्या इज्जतीचा नाही."

हे त्यानं इतकं सरळ सांगितलं होतं. तेव्हा मला राग आला.

मी काय केलं तेही सांगतो, कारण अशी चूक जगात फक्त पंचांग जवळ बाळगणारा कोकणातला इंजिनियरच करू शकतो. वडील दरवर्षी बोटीनं पंचांग पाठवत. घरमालकांच्या जुन्या नऊ वर्षांच्या आखण्या कपाटात होत्या, प्रत्येकीत ओहोटीची वेळ आणि चंद्राची कला नोंदलेली. मी दार लावून नऊही वर्षं आमच्या पाऊणपटीशी ताडून पाहिली. दरवेळी सुमारे एक तासाचा फरक. नऊच्या नऊ वेळा! म्हणजे इथे पाऊणपट अधिक एक तास. मला इतका आनंद झाला की पुस्तिका हरवल्याचं दुःख पळालं. आमच्या आज्यांचा हिशेब मी जर्मन समुद्रावर बसवून दाखवला होता. जायच्या दिवशी षष्ठी. सहा पाऊणे साडेचार, अधिक एक, साडेपाचला भरती. म्हणजे त्याआधीची ओहोटी अकरा वीसला पूर्ण. लाल चौकटीत मी सुबक अक्षरात लिहिलं: ११.२०.

नऊही वर्षं एकाच किनाऱ्याची होती आणि आम्ही दुसऱ्या किनाऱ्यावर चाललो होतो, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. समुद्र म्हणजे समुद्र. हर्णैला काय, दाभोळला काय, भरती एकाच सुमारास येते. इथे एका बंदराहून दुसऱ्या बंदराला ती दीड-दीड तास मागेपुढे असते. पुस्तिका बंदराबंदरागणिक का छापतात, याचा मी विचारच केला नाही.

घरमालकांनी भिंग लावून तो आकडा पाहिला. जुन्या जागेच्या मानानं त्यांना तो बरोबर वाटला असणार. "सुंदर अक्षर," म्हणाले. आणि माझी चौकट तशीच ठेवून बाकीची आखणी शाईनं लिहून काढली.

आदल्या संध्याकाळी गाडीनं त्या गावी पोचलो. सकाळी खाणावळीची मालकीण कॉफी ओतता ओतता तिच्या गावठी बोलीत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. घरमालकांनी हसून मला सांगितलं, "त्या म्हणतायत, आज निघायला उशीर नाही का झाला. आल्झो, यांचं सगळं अंदाजावर चालतं." आणि तिच्याकडे वळून, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमच्याकडे लेखी आहे. हे समुद्राचे जाणकार आहेत."

तोंड उघडायची ती वेळ होती. मी पावाला लोणी लावत राहिलो.

नऊ वीसला बांध उतरलो. बंदूक त्यांच्या खांद्यावर, बादली आणि गळ माझ्याकडे. वाळू घट्ट होती. वाटेत एकच मोठा ओहळ लागला, पाणी घोट्यापर्यंत. ते थांबले, काठीनं खोली मोजली, वहीत लिहिली. मग दूर बघून म्हणाले, "पाणी आज ठरल्यापेक्षा फार लांब गेलंय. वारा जमिनीकडून असेल." वारा नव्हता. मीही बघितलं होतं. मी म्हटलं, "असेल."

त्यांचं चालणं बघत राहावं असं होतं. काठी, पाय, लाकूड. काठी, पाय, लाकूड. एकही पाऊल वाया नाही. एक बदक त्यांनी पहिल्याच बारात पाडलं. मी बूट काढून उथळ डबक्यात शिरलो आणि तळव्याखाली मासा वळवळला, तेव्हा मी ओरडलो ते मराठीत. चार मासे धरले. ते हसत होते. त्या तासाभरात माणूस म्हणून ते मला जेवढे आवडले तेवढे आधी कधी आवडले नव्हते, आणि म्हणूनच ती भीती सारखी वर येत होती.

दहा पन्नासला ठरलेल्या जागी पोचलो. समोर पाण्यापलीकडच्या वाळूच्या दांड्यावर तीस-चाळीस सील लोळत पडलेले. घरमालकांनी थांबघड्याळ माझ्या हातात दिलं, बोट ओठांवर ठेवलं. परिशिष्ट क. संपूर्ण शांतता, चौदा मिनिटं. ते काठीवर रेलून बघत होते आणि त्यांचा चेहरा देवळात उभ्या असलेल्या माणसाचा होता. वर्षभर ते या चौदा मिनिटांसाठी जगत, हे मला तिथे कळलं. बदकं आणि मासे हे निमित्त.

सहाव्या मिनिटाला माझी नजर पायाजवळच्या बारक्या ओहळावर गेली. त्यात बदकाचं एक पीस तरंगत होतं. ते समुद्राकडे जायला हवं होतं. ते बांधाकडे चाललं होतं.

मी समुद्राकाठी वाढलोय. मला त्या क्षणी सगळं कळलं. अकरालाही चार मिनिटं कमी होती. माझ्या हिशेबानं ओहोटी पूर्ण व्हायला अजून वीस-पंचवीस मिनिटं होती, आणि पाणी केव्हाच फिरलं होतं. मागे दीड तासाची वाट, मधे तो मोठा ओहळ, बरोबर न पळणारा माणूस. आणि मी बोललो नाही. सातवं मिनिट गेलं. आठवं गेलं. मी स्वतःला सांगत होतो की वाऱ्यानं असेल, भोवरा असेल. वारा नव्हता हे मला माहीत होतं. हातातलं घड्याळ टिकटिक करत होतं आणि मला त्या माणसाचा चेहरा मोडवत नव्हता. खरं सांगायचं तर मला माझा चेहरा मोडवत नव्हता. दहाव्या मिनिटाला पाणी माझ्या अनवाणी बोटांना लागलं.

"पाणी फिरलंय," मी म्हणालो.

ते दचकले. पहिल्यांदा रागानं बघितलं. मग खाली बघितलं. पीस पुढे गेलं होतं, पण फेस त्याच दिशेनं चालला होता.

"अशक्य. अकरा वीस."

"तो आकडा माझा आहे. पुस्तिकेतला नाही. पुस्तिका मी ट्राममध्ये हरवली. मी चंद्रावरून काढला. चुकला."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घड्याळ बघितलं, बांध बघितला. मग अगदी रेल्वेच्या खिडकीत बसल्यासारख्या आवाजात म्हणाले, "आल्झो. ओहोटी कधी झाली हे आता आपल्याला माहीत नाही. म्हणजे किती वेळ उरलाय तेही माहीत नाही. बादली टाका. गळ टाका."

मासे टाकले, बदक टाकलं. ते चालू लागले आणि मी मागून. काठी, पाय, लाकूड. मी "लवकर, लवकर" म्हणालो, तर मागे न बघता म्हणाले, "याहून लवकर नाही. घाई केली तर पडेन. पडलो तर दोन मिनिटं जातील." दोन्ही बाजूंना वाळूवर चमकदार पट्टे वाढत होते. मी त्यांच्यापुढे पळत जाऊन ओहळ बघून येऊ शकत होतो, एकटा पार जाऊ शकत होतो, आणि हा विचार माझ्या मनात आला होता हे मी लपवत नाही. जाता येत असून न गेल्याबद्दल पुढे लोकांनी माझं फार कौतुक केलं. विचार आला होता हे कुणाला सांगितलं नाही.

तासाभराहून जास्त चाललो. मोठ्या ओहळाशी आलो तेव्हा पाणी मांडीच्या वर होतं आणि ओढ होती. त्यांनी काठी रोवून उतरायला सुरुवात केली. चार पावलांवर लाकडी पाय तरंगू लागला. लाकूडच ते, पाण्यात टिकेना; पाय वर, माणूस खाली. मी धरलं. त्यांनी माझा खांदा पकडून उभ्या उभ्या पट्टे सोडले, पाय काढून हातात घेतला आणि म्हणाले, "पाठीवर."

मी वाकलो. एक हात माझ्या गळ्याभोवती. दुसऱ्या हातात एकच वस्तू राहणार होती, पाय किंवा बंदूक. बंदूक खांद्यावरून घसरून वाहत्या पाण्यात माझ्या पायांत येत होती. तिचा पट्टा माझ्या गुडघ्याला अडकला. त्यांनी पाय काखेत धरला, बंदूक खांद्यावरून काढली आणि सोडून दिली. ती कुठे गेली ते आम्ही बघितलंही नाही.

पाणी माझ्या छातीला लागलं. माझ्या कानाशी ते मोजत होते. एक, दोन, तीन, शांतपणे, बोळात चालताना मी मोजायचो तसे. मला जर्मन आकडे तेवढे कधी गोड लागले नाहीत. त्रेसष्टला पाणी कमरेला आलं. नव्वदला गुडघ्याला. षष्ठीची भरती, भांगाची, मंद. उधाणाची असती तर हे लिहायला मी नसतो आणि ते तर नक्कीच नसते.

बांधावर मेंढ्या चारणारा एक माणूस धावत आला. त्यानं आम्हाला घरात नेलं, कोरडं दिलं, मला पेल्यावर पेला दारू पाजली आणि गावभर सांगितलं की या भारतीय पोरानं म्हाताऱ्याला समुद्रातून पाठीवर आणलं. संध्याकाळी खाणावळीत लोक येऊन माझ्या पाठीवर थापा मारत होते. घरमालक कोपऱ्यात पाय सुकवत बसले होते. कुणी विचारलं की म्हणत, "हो. यांनीच आणलं." बस्स, एवढंच. परतीच्या गाडीत सगळा वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. घरी बायकोनं माझे दोन्ही हात धरले आणि ती रडली. तिलाही त्यांनी पाठीवरचीच गोष्ट सांगितली होती.

आणखी दीड वर्ष मी त्या घरात राहिलो. त्यांनी मला ना खोली सोडायला सांगितलं, ना कधी तो विषय काढला. फक्त त्या हिवाळ्यात जेवणाच्या टेबलावर नकाशे नव्हते. बायकोनं फुलांचा टेबलक्लॉथ घातला होता. बशा मधोमध मांडल्या होत्या आणि आम्ही तिघं फार लवकर जेवून उठत असू. दामले विचारायचा, "काय म्हणतात परिशिष्ट?" मी म्हणायचो, बरे आहेत.

टेबल रिकामं का झालं ते आता सांगतो. इतकी वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नाही, आमच्या हिलासुद्धा नाही.

हरवलेल्या बंदुकीची वर्दी द्यावी लागते. आम्ही परतल्यावर तीन आठवड्यांनी त्यांना शिकारीच्या परवान्यासह कचेरीत बोलावलं, आणि साक्षीदार म्हणून मला. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर परदेशी लोकांची कचेरी होती. माझी राहायची परवानगी डिसेंबरात संपत होती आणि अर्ज तिथे पडून होता. हे त्यांना ठाऊक होतं, कारण अर्जावर घरमालक म्हणून त्यांचीच सही होती.

कारकून तरुण होता, उद्धट नव्हता. त्याला त्यांचा परवाना काढून घ्यायचा नव्हता, हे दिसत होतं. त्यानं चष्मा पुसत समजावून सांगितलं, "बघा, भरतीच्या वेळेत तुम्ही स्वतः चूक केली असेल, तर भरलेली बंदूक घेऊन फिरण्याइतके तुम्ही भरवशाचे राहिला नाहीत, असं मला लिहावं लागेल. मग परवाना जाईल, आणि या वयात परत मिळायचा नाही. पण दुसऱ्या कुणी चुकीची वेळ दिली असेल, तर गोष्ट वेगळी. ती वेळ कुणी काढली?"

घरमालकांनी पिशवीतून आखणी काढून टेबलावर ठेवली. पहिलं पान वर होतं. लाल चौकटीतला आकडा मी ओळखला, ११.२०, पण अक्षर माझं नव्हतं. ते पान त्यांनी पुन्हा लिहून काढलं होतं. मोठ्या, ठसठशीत, वेळापत्रकाच्या अक्षरात. माझा चुकीचा आकडा त्यांनी एक रेघ इकडची तिकडे न होऊ देता उतरवला होता.

"मी काढली," ते म्हणाले. "डोळे अधू झालेत. ओळी मिसळतात."

बायकोलाही जे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं ते त्यांनी त्या अनोळखी पोरापुढे सांगितलं. आयुष्यात त्यांनी कागदावर मांडलेली ती एकमेव खोटी वेळ असावी. माझ्या तोंडून एक वाक्य आलं असतं तर त्यांचा परवाना वाचला असता. मला ते वाक्य जर्मनमध्ये नीट बोलता येत होतं. मी मनात त्याची व्याकरणासकट जुळणी केली होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

कारकून माझ्याकडे वळला. "तुम्ही बरोबर होता. हे असंच घडलं?"

घरमालक समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मला बोलता आलं असतं.

"हो," मी म्हणालो. "असंच."

कारकुनानं परवान्याची हिरवी पुस्तिका उघडली, त्यांच्या फोटोवर रद्दचा शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत आम्ही तिघंही थांबलो.